अश्मक जनपदाचा शोध : बासर परिसर आणि मध्य गोदावरी खोऱ्यातील बौद्ध अवशेष

प्रास्ताविक

आदिलाबाद जिल्ह्यातील (२०१६ पासून निर्मल जिल्ह्यातील) बासर हे गाव मराठवाड्यातील लोकांना परके नाही. नांदेड, मुदखेड, उमरीवरून निघालेली गाडी धर्माबाद सोडते आणि तेलंगणाच्या हद्दीत बासरला थांबते. पुढे गोदावरीचा पूल ओलांडून ती निजामाबादकडे जाते. ज्ञानसरस्वतीच्या मंदिरात मुलांचा अक्षरारंभ करण्यासाठी नांदेड-परभणीकडील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे येत आली आहेत. गावात तेलुगू, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा कानावर पडतात. त्याचे कारण प्रशासकीय इतिहासात आहे. बासर ज्या मुधोळ तालुक्यात होते तो तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्याचा भाग होता. राज्य पुनर्रचनेत मुधोळ आदिलाबादला जोडला गेला आणि आदिलाबादमधील किनवट नांदेडकडे आला, तर राजुरा पुढे चांदा जिल्ह्याकडे गेला.

ही अदलाबदल महसूल खात्याच्या दृष्टीने साधी होती. परंतु प्राचीन इतिहासाच्या अभ्यासावर तिचा जो परिणाम झाला त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. बौद्ध वाङ्मयातील सोळा महाजनपदांपैकी विंध्याच्या दक्षिणेस असलेले एकमेव जनपद म्हणजे अस्सक अथवा अश्मक. ते मध्य गोदावरीच्या काठी होते यावर बहुतेक विद्वानांचे एकमत आहे. या जनपदाशी जोडली जाणारी स्थळे आज महाराष्ट्र आणि तेलंगणा अशा दोन राज्यांत विभागली आहेत. त्यांच्या उत्खननांचे अहवाल दोन निरनिराळ्या खात्यांनी काढले. कोटिलिंगालची नाणी एका बाजूच्या ग्रंथांत आणि अडमचे मुद्रांकन दुसऱ्या बाजूच्या, अशी स्थिती निर्माण झाली. परिणामी प्रत्येक बाजूने अश्मक आपल्याच हद्दीत बसविण्याची प्रवृत्ती वाढली. बासर हे नेमके या सीमेवर असल्याने दोन्हीकडील पुरावा एकत्र वाचण्यासाठी ते सोयीचे ठिकाण आहे. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

पाली वाङ्मयातील गोदावरीकाठ

अश्मकाचा सर्वांत सविस्तर उल्लेख सुत्तनिपातातील पारायनवग्गाच्या प्रारंभीच्या गाथांत, म्हणजे वत्थुगाथांत येतो. कोसल देशातील बावरी नावाचा वेदपारंगत ब्राह्मण दक्षिणापथात येतो आणि अस्सकाच्या प्रदेशात, अळक अथवा मुळक या शेजारच्या प्रदेशालगत, गोदावरीच्या तीरावर आश्रम करून राहतो. यज्ञात सर्वस्व दान केल्यानंतर आलेला एक याचक पाचशेंची मागणी करतो आणि ती पूर्ण न झाल्याने शाप देतो. चिंतेत पडलेला बावरी आपल्या सोळा शिष्यांना बुद्धाकडे पाठवितो. अजित, तिस्स मेत्तेय्य, पुण्णक, मोघराज, पिंगिय इत्यादी त्या शिष्यांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे हा पारायनवग्गाचा मुख्य भाग होय.

इतिहासाच्या दृष्टीने या गाथांतील मार्ग अधिक महत्त्वाचा आहे. शिष्य निघतात ते प्रथम पतिट्ठान म्हणजे पैठणला पोहोचतात. तेथून माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती अशी नगरे घेत ते शेवटी मगधात येतात. हा दक्षिणापथाचा प्रसिद्ध व्यापारी मार्ग आहे. अस्सकातून निघणाऱ्याला पैठण हे पहिले नामनिर्देशित नगर लागते, याचा अर्थ अस्सक पैठणच्या खालच्या अंगाला, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने होते, असा घेतला जातो. नदीकाठाने पैठणहून खाली उतरले की नांदेड लागते, पुढे कंदकुर्ती येथे मांजरा गोदावरीला मिळते आणि त्यानंतर बासर येते.

पाली अट्ठकथेने आणखी एक तपशील दिला आहे. बावरीच्या आश्रमाजवळ गोदावरी दोन शाखांत विभागून मध्ये तीन योजनांचे बेट तयार झाले होते व त्यावर कपित्थाचे म्हणजे कवठाचे वन होते. याच तपशिलाच्या आधारे काही संशोधकांनी बासरच्या खाली, खानापूर भागात, गोदावरीच्या दोन प्रवाहांमध्ये वसलेले बादनकुर्ती हे गाव बावरीचे स्थान म्हणून सुचविले. हे मत तेलंगणात पुष्कळ लोकप्रिय झाले आहे. वर्तमानपत्रांतून आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून ते निश्चित सत्य म्हणून मांडले जाते.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. पारायनवग्गावर चुल्लनिद्देस ही अतिशय जुनी टीका आहे. ती प्रश्नोत्तरांवर भाष्य करते, मात्र वत्थुगाथांवर करीत नाही. त्यामुळे भूगोल सांगणाऱ्या या प्रास्ताविक गाथा मूळ प्रश्नोत्तरांनंतर जोडल्या गेल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. बेटाचा तपशील देणारी अट्ठकथा तर त्याहूनही कित्येक शतके उशिराची आहे. तेव्हा बादनकुर्तीचे समीकरण म्हणजे बुद्धाच्या हयातीतील एखाद्या घटनेचा पुरावा नव्हे. गोदावरीकाठी बौद्ध विचार फार लवकर पोहोचला ही स्मृती पाली परंपरेने जपली होती, आणि ती जपताना तिला अस्सक, मुळक, पतिट्ठान ही नावे अचूक क्रमाने ठाऊक होती, एवढे मात्र त्यातून निःसंशय सिद्ध होते. तेही थोडे नाही.

बासरच्या स्थानिक परंपरेत व्यास महर्षी उत्तरेकडून येऊन गोदावरीकाठी राहिले आणि त्यांच्यावरून गावाला व्यासर, वासर, बासर असे नाव पडले, असे सांगतात. उत्तरेकडून आलेला ऋषी गोदातीरी आश्रम करतो, हा कथेचा साचा बावरीच्या कथेशी जुळतो. परंतु साचा जुळणे हा पुरावा नव्हे. बासरच्या मंदिराखाली बौद्ध विहार असल्याच्या ज्या गप्पा अधूनमधून होतात त्यांना या साम्यातून आधार मिळू शकत नाही.

अस्सकाची राजधानी पोतन अथवा पोतलि ही दीघनिकायात व जातककथांत येते. हेमचंद्र रायचौधुरी यांनी ती निजामाबाद जिल्ह्यातील बोधनशी जोडली. बोधन बासरच्या दक्षिणेस, गोदावरीपलीकडे आहे. जैन परंपरेतील बाहुबलीची राजधानी पौदनपूर हीही बोधनच असल्याचे मत आहे. पुढे वेमुलवाड्याच्या चालुक्यांच्या इतिहासातही बोधन येते. तेथील तारकाकृती देवल मशीद मूळची मंदिरवास्तू असून तिच्या खांबांवर जैन प्रतिमांच्या खुणा आहेत आणि तुघलक काळातील फारसी लेखही बोधनला मिळाले आहेत. एकाच गावाच्या पोटात इतके थर असणे हे दख्खनमधील जुन्या नगरांचे सामान्य लक्षण आहे. मात्र त्यामुळे सर्वांत खालच्या थरापर्यंत पोहोचणे कठीण होते, कारण लोकवस्ती टेकाडावरच उभी असते.

हैदराबाद संस्थानचे पुरातत्त्व खाते

बासरपासून पैठणपर्यंतचा आणि दुसरीकडे मस्की-रायचूरपर्यंतचा सर्व प्रदेश एकेकाळी एकाच खात्याच्या नजरेखाली होता, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. निजाम सरकारने १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापन केले व गुलाम यजदानी (१८८५–१९६२) यांची संचालक म्हणून नेमणूक केली. यजदानी मूळचे दिल्लीचे, अरबी-फारसीचे अभ्यासक आणि एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका या इस्लामी शिलालेखांच्या नियतकालिकाचे संपादक. अशा विद्वानाने बिदर आणि मांडूवर ग्रंथ लिहिले यात नवल नाही. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम अजिंठ्याचे आहे.

खाते स्थापन झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९१५ मध्ये, सोन्याच्या खाणींचा शोध घेणारे अभियंता बीडन यांना मस्की येथे अशोकाचा लेख आढळला. एच. कृष्णशास्त्री यांनी त्याचे वाचन केले आणि हैदराबाद पुरातत्त्व मालेचा पहिला अंक म्हणून ते त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. देवानंपिय या बिरुदासोबत अशोक हे नाव त्या लेखात स्पष्ट कोरलेले होते. शिलालेखांतील देवांचा प्रिय राजा म्हणजे अशोकच, या अनुमानाला प्रत्यक्ष आधार मिळाला तो येथे.

अजिंठ्याच्या चित्रांचे रक्षण करण्यासाठी १९२० ते १९२२ या काळात इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावण्यात आले. त्यांनी सुटू लागलेले गिलावे पक्के केले. त्यांच्या उपचारातील लाखेचा थर पुढे पिवळट पडला व आजचे तज्ज्ञ त्याला दोष देतात. तरीही त्या वेळी हा उपाय झाला नसता तर बराच भाग गळून गेला असता, हेही तितकेच खरे. यजदानींचा अजिंठ्यावरील चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत प्रसिद्ध झाला. जातककथांची ओळख पटविताना, वेशभूषा व वाद्यांचे वर्णन करताना त्यांनी जो बारकावा दाखविला तो श्रद्धाळू लेखनात क्वचितच आढळतो आणि परक्याच्या तुटकपणाचाही त्यात लवलेश नाही.

याच खात्याने १९३७ मध्ये पैठणला आणि १९४० ते १९४२ या काळात मेदक जिल्ह्यातील (आता संगारेड्डी) कोंडापूरला उत्खनन केले. कोंडापूरला सातवाहनकालीन नगर, नाणी, मणी, पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ती आणि बौद्ध वास्तूंचे पाये मिळाले. त्याचा वृत्तांत यजदानींनी १९४१ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या वार्षिकात लिहिला, ही बाब त्या काळच्या विद्याव्यवहाराची कल्पना देते. कोंडापूरच्या कामात ख्वाजा मुहम्मद अहमद यांचाही वाटा होता. नंतरच्या पिढीत मुहम्मद अब्दुल वहीद खान हे आंध्र प्रदेशच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक झाले. नागार्जुनसागरच्या पाण्याखाली जाणाऱ्या येलेश्वरम्‌चे उत्खनन आणि केसनपल्लीच्या प्राचीन स्तूपावरील पुस्तिका हे त्यांचे काम. तेलंगणातील बौद्ध अवशेषांच्या शोधाचा इतिहास लिहिताना ही नावे गाळता येत नाहीत. उर्दू माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यांना मात्र ती पाठ्यपुस्तकात भेटत नाहीत.

यजदानींनी संपादित केलेला दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा ग्रंथ १९६० साली निघाला, त्याच्या चार वर्षे आधी ज्या राज्यासाठी तो योजला गेला होता ते राज्यच उरले नव्हते. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद मुंबई राज्यात गेले, रायचूर-गुलबर्गा म्हैसूरमध्ये आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. दख्खनचा एकत्रित नकाशा खात्याच्या भिंतीवरून त्या दिवशी उतरला, असे म्हणायला हरकत नाही.

नदीच्या खालच्या अंगाला

पुढील मोठे शोध बासरच्या खाली, करीमनगर भागात लागले. आंध्र प्रदेश पुरातत्त्व खात्याच्या वतीने व्ही. व्ही. कृष्णशास्त्री यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पेद्दबंकूर, धूलिकट्टा आणि कोटिलिंगाल या स्थळांवर काम केले.

धूलिकट्टा हे बौद्ध दृष्टीने सर्वांत बोलके स्थळ. येथे मातीच्या तटाने वेढलेली जुनी वस्ती आणि तिच्याजवळ विटांचा स्तूप आहे. स्तूपाला चुनखडीच्या कोरीव शिळा बसविलेल्या होत्या. कित्येक शिळांवर अनेक फण्यांचा मुचलिंद नाग वेटोळे घालून संरक्षण करताना दाखविला आहे. बुद्धाची मानवी मूर्ती कोठेही नाही, केवळ चिन्हे आहेत. यावरून स्तूप प्रारंभीच्या, मूर्तिपूजेपूर्वीच्या काळातील ठरतो. वस्तीच्या भागात ब्राह्मी लेख असलेली हस्तिदंती मुद्राही मिळाली. ज्या ओढ्याच्या काठी हा स्तूप आहे त्याला लोक हुसेनमिया वागू म्हणतात. कोण हे हुसेनमिया, याचा शोध एखाद्या स्थानिक विद्यार्थ्याने घ्यावा असा हा विषय आहे.

मुचलिंद नागाचे हे शिल्प गोदावरी खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, भंडारा जिल्ह्यातील पवनी येथेही आढळते. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीचा स्तूप सांचीच्या महास्तूपाशी तुलना व्हावी इतका मोठा निघाला आणि तेथील एका स्तंभावर नागाच्या शिल्पासोबत त्याचे नावही कोरलेले मिळाले. पवनी वैनगंगेवर आहे. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत येते. पवनीचा शिल्पकार आणि धूलिकट्टाचा शिल्पकार एकमेकांना ओळखत असतील असे नव्हे, पण दोघेही एकाच जलमार्गाच्या आणि एकाच धर्मकथेच्या प्रदेशात काम करीत होते. पवनीचे पुस्तक नागपूरच्या ग्रंथालयात आणि धूलिकट्टाचे हैदराबादच्या, त्यामुळे दोन्ही शिल्पे शेजारी ठेवून पाहण्याची संधी विद्यार्थ्यांना क्वचितच मिळते.

कोटिलिंगाल हे पेद्दवागू आणि गोदावरी यांच्या संगमावरील गाव. येथे गावकऱ्यांना पावसाळ्यानंतर नाणी सापडत असत. पुढे पी. व्ही. परब्रह्मशास्त्री व डी. राजा रेड्डी यांनी ती प्रसिद्ध केली. त्यांत गोबद, नारन, कंवायसिरि, समगोप अशा सातवाहनपूर्व स्थानिक राजांची नावे निघाली आणि त्यासोबत चिमुक अथवा सिमुक नावाचीही नाणी मिळाली. पुराणांनी आंध्र घराण्याचा पहिला राजा म्हणून ज्याचा उल्लेख केला आणि नाणेघाटातील लेण्यात ज्याच्या पुतळ्याखाली नाव कोरलेले आहे, तोच हा सिमुक असे अनेकांनी मानले. सातवाहनांचे मूळ पैठणला की तेलंगणात, हा जुना वाद यामुळे नव्याने पेटला. आज त्या वादात प्रमाणापेक्षा प्रांताभिमानच अधिक बोलतो. सातवाहन राजाला नदीच्या वरच्या आणि खालच्या काठात सरहद्द दिसत नव्हती, ही साधी गोष्ट दोन्ही पक्ष विसरतात.

‘असक’ नावाचा प्रवास

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. अश्मक या नावाचा कोरीव पुरावा कोठे आहे? तो बासरच्या परिसरात किंवा बोधनला नाही. तो तीन दूरच्या ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणे आज महाराष्ट्रात आहेत.

पहिला पुरावा नागपूर जिल्ह्यातील अडम येथील. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अमरेंद्र नाथ यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे उत्खनन केले. तटबंदी असलेल्या या नगरात ‘असकजनपदस’ असा ब्राह्मी लेख असलेले मातीचे मुद्रांकन मिळाले. ‘असक जनपदाचे’ असा त्याचा सरळ अर्थ. जनपद म्हणून अस्सकाचा हा प्रत्यक्ष पुरातत्त्वीय पुरावा असल्याने त्याचे महत्त्व असाधारण आहे. त्यावरून काहींनी अडम हीच अस्सकाची राजधानी आणि विदर्भ हेच अस्सक, असा निष्कर्ष काढला.

हा निष्कर्ष घाईचा वाटतो. मुद्रा आणि मुद्रांकन यांत फरक आहे. मुद्रा ही छाप उमटविणाऱ्याच्या हाती राहते, तर मुद्रांकन म्हणजे मातीवर उमटलेली छाप. ती मालाच्या गाठोड्याला किंवा पत्राला लावून दुसरीकडे पाठविली जाते आणि पोहोचल्यावर फोडली जाते. म्हणजे मुद्रांकन जेथे सापडते तेथे माल आला, एवढे त्यातून कळते. तो तेथूनच निघाला असेल असे नाही. सरकारी कचेरीत जुन्या पाकिटांवर परगावच्या टपाल कार्यालयांचे शिक्के आढळतात, त्यावरून कचेरी परगावी होती असे कोणी म्हणत नाही. अडमचा अस्सकाशी घनिष्ठ व्यवहार होता हे सिद्ध होते. अडम अस्सकात होते की नव्हते, हे त्या एका छापेवरून ठरत नाही.

दुसरा पुरावा नाशिकच्या लेणे क्रमांक ३ मधील. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात त्याची आजी गौतमी बलश्री हिने बौद्ध भिक्षूंना हे लेणे दान दिले. त्या लेखात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या प्रदेशांची यादी दिली आहे. त्यात असिक, असक आणि मुळक ही नावे लागोपाठ येतात आणि पुढे त्याच यादीत विदर्भाचे नाव वेगळे येते. असक-मुळक ही पाली गाथांतील जोडी येथे दगडावर भेटते आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात विदर्भ व असक हे दोन भिन्न प्रदेश समजले जात होते हे स्पष्ट होते. अडमच्या मुद्रांकनाचा विचार करताना नाशिकचा हा लेख बाजूला ठेवता येत नाही.

तिसरा पुरावा अजिंठ्याचा. लेणे क्रमांक २६ हे भव्य चैत्यगृह बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने पाचव्या शतकात करविले. तेथील लेखात अश्मकाच्या बलाढ्य राजाचा मंत्री भव्विराज याचे नाव येते, आणि बुद्धभद्राशी त्याची मैत्री अनेक जन्मांची होती असे म्हटले आहे. अजिंठ्याच्याच लेणे १७ मधील लेखातही अश्मकाचा उल्लेख आहे, परंतु तो शत्रुभावाचा. म्हणजे पाचव्या शतकात अश्मक ही अजिंठ्यापर्यंत हात पोहोचणारी सत्ता होती आणि तिचा मंत्रिवर्ग बौद्ध संघाचा आश्रयदाता होता.

अडमच्या छापेपासून अजिंठ्याच्या चैत्यापर्यंत हा सहा-सातशे वर्षांचा पल्ला आहे. इतक्या काळात एखाद्या प्रदेशाची सीमा स्थिर राहणे अशक्यच. खुद्द मुधोळ तालुका एका कायद्याने नांदेडचा आदिलाबादकर झाला, मग अश्मकाच्या सीमा शतकाशतकात का हलू नयेत? ‘अश्मक कोठे होते’ या प्रश्नाला ‘कोणत्या काळात’ हे शब्द जोडले की बराचसा वाद आपोआप मिटतो. प्रारंभीच्या काळासाठी पैठणच्या खालचा गोदाकाठ, म्हणजे स्थूलमानाने नांदेड, बासर, बोधन आणि त्याखालील पट्टा हा पाली व नाशिकच्या साक्षीने सर्वांत संभाव्य ठरतो. पाचव्या शतकासाठी नकाशा निराळा काढावा लागतो.

पाण्याखाली गेलेला काठ

हा पट्टा सर्वांत संभाव्य असूनही तेथे धूलिकट्टासारखा स्तूप मिळालेला नाही. याचे एक कारण नदीतच शोधावे लागते. २६ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंनी पोचमपाड येथे धरणाची कोनशिला बसविली. हेच पुढे श्रीरामसागर झाले. १९७७ पर्यंत ते पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाचे पाणी बासरच्या परिसरापर्यंत पसरले. बासरच्या खालचा जुना काठ, अनेक गावांच्या पांढरीसह, जलाशयात गेला. तेलंगणातील कोरडवाहू शेतकऱ्यांना या धरणाने जे दिले ते मोलाचे आहे, त्याबद्दल दुमत नाही.

परंतु त्याच दशकातील दुसरे उदाहरण समोर असताना तुलना टाळता येत नाही. कृष्णेवरील नागार्जुनसागरसाठी नागार्जुनकोंडाचे संपूर्ण खोरे बुडणार होते. तेथे १९५४ ते १९६० अशी सलग सहा वर्षे आर. सुब्रह्मण्यम्‌ यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले, स्तूप-विहार उचलून टेकडीवर व काठावर पुन्हा बांधले गेले. पैलतीरावरील येलेश्वरम्‌ही त्याच निकडीने खणले गेले. नागार्जुनकोंडा आधीच प्रसिद्ध होते म्हणून त्याच्यासाठी एवढी व्यवस्था झाली. गोदावरीचा हा भाग प्रसिद्ध नव्हता. जे आधी माहीत असते तेच वाचविले जाते आणि जे वाचविले जाते तेच पुढे माहीत होते, अशी ही साखळी आहे.

ती अजून तुटलेली नाही. येल्लमपल्ली प्रकल्पाच्या फुगवट्याचा प्रश्न कोटिलिंगालला भेडसावतो. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीवरील भोन येथे डेक्कन कॉलेजचे भा. चं. देवतारे यांनी २००२ नंतर उत्खनन करून विटांचा स्तूप उघड केला आणि तो जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येत असल्याने त्याच्या स्थलांतराची चर्चा सुरू झाली. दुसरीकडे, जेथे काम चालू राहते तेथे जमीन अजूनही देते. सूर्यापेट जिल्ह्यातील फणिगिरी या बौद्ध स्थळी मार्च २०२४ मध्ये एकाच मडक्यात ३,७३० शिशाची नाणी मिळाली, आणि हे स्थळ अभ्यासकांना कित्येक दशकांपासून परिचित होते.

शिक्षकांच्या आवाक्यातील काम

बासर, मुधोळ, भैंसा, धर्माबाद, बिलोली, बोधन या भागातील महाविद्यालयांत शिकणारी मुले बहुतांशी शेतकरी कुटुंबांतील आहेत. २००८ पासून खुद्द बासरला तंत्रज्ञानाचे विद्यापीठ आहे. जमिनीची पहिली बातमी नांगरणाऱ्यालाच लागते. कोटिलिंगालचा इतिहासही असाच गावकऱ्यांनी वेचलेल्या नाण्यांपासून सुरू झाला होता.

सातवाहनकालीन वीट ओळखणे अवघड नाही. ती साधारण अर्धा मीटर लांब, रुंदीला त्याच्या निम्मी असते आणि आजच्या भट्टीच्या विटेशेजारी ठेवली की फरक लहान मुलालाही कळतो. जुन्या गढीच्या, विहिरीच्या किंवा गोठ्याच्या भिंतीत अशा विटा पुन्हा वापरलेल्या आढळतात. त्यामुळे विटेसोबत ती मूळ कोणत्या शेतातून आणली हे विचारणे तिच्या मोजमापापेक्षा महत्त्वाचे ठरते. आतून काळी आणि बाहेरून तांबडी खापरे, शिशाची जड पण ओबडधोबड नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, दगडी मणी ही त्या काळच्या वस्तीची इतर लक्षणे आहेत. गावकरी अशा जागेला पांढर म्हणतात आणि घरे लिंपण्यासाठी तेथील माती नेतात. दर पावसाळ्यानंतर टेकाड थोडे खाली बसते.

वस्तू उचलून महाविद्यालयाच्या कपाटात ठेवणे हा मात्र मार्ग नव्हे. गट क्रमांक, नदीपासूनचे अंतर, टेकाडाची उंची आणि वस्तू जागेवर असतानाचे छायाचित्र यांची नोंद करणे आणि ती संबंधित खात्याला कळविणे पुरेसे असते. नाण्यांसारख्या ठेव्यांबाबत १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याची जबाबदारी सापडणाऱ्यावर येते. उन्हाळ्यात श्रीरामसागरची पातळी उतरली की जलाशयाचा काठ उघडा पडतो. नोंदीसाठी तोच काळ सोयीचा. मात्र त्या काठावर धर्माबादच्या बाजूला वीट मिळाली तर तिची नोंद महाराष्ट्राच्या पुरातत्त्व संचालनालयात जाईल आणि दोन कोस पुढे बासरच्या बाजूला मिळाली तर हैदराबादच्या वारसा खात्यात. म्हणून प्रत्येक नोंदीची एक प्रत पलीकडच्या महाविद्यालयालाही पाठवावी लागेल.